चिनी आडनावाची मंडळी

इंग्रजीतली बागकामाची पुस्तकं किंवा रोपवाटिकांच्या याद्या चाळल्या, की 'चायनीज लँटर्न' हे आडनाव लावणारी निदान पाच झाडं भेटतात. आडनाव एक म्हणजे भावकी असणार, असं समजून चौकशीला जावं, तर कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं नाही. एक वांग्या-बटाट्याच्या घराण्यातलं, दुसरं भेंडीच्या, तिसरं बाभळीच्या, चौथं कळलावीच्या आणि पाचवं चक्क कडुनिंबाच्या. मूळ गाव विचारलं तर एक ब्राझील सांगतं, दोन दक्षिण आफ्रिका सांगतात आणि एक आफ्रिकेपासून पुण्याच्या टेकड्यांपर्यंत कुठंही हात दाखवतं. चीनचा पत्ता देऊ शकेल असं त्यांत एकच. तेही दक्षिण युरोपापासून जपानपर्यंत पसरलेलं, त्यामुळे चीन हा त्याच्या अनेक बिऱ्हाडांपैकी एक.

हे या खोट्या खानदानातलं थोरलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये त्याचं नाव 'फायसॅलिस अल्केकेंजी' असं लिहून ठेवलं. फूल पांढरट, इतकं बेताचं की शेजारून गेलात तरी दखल घेणार नाही. पण फूल गळलं की त्याच्या बुडाशी असलेला हिरवा पेला वाढायला लागतो. वाढत वाढत तो आतल्या फळाला पुरता झाकतो, फुगतो, नारिंगी होतो आणि वाळल्या कागदासारखा चुरचुरीत होतो. असे उभ्या शिरांचे, टोकाशी निमुळते कंदील फांदीवर ओळीनं लोंबत असतात. थंडी सरता सरता कागद कुजून जातो, शिरांची जाळी तेवढी उरते आणि जाळीच्या आत लालबुंद फळ जसंच्या तसं. एवढं देखणं प्रकरण दुसऱ्या कुठल्या वांगेवर्गीयाला जमलेलं नाही. वांग्यालाही नाही.

आता कंदील पाहण्याआधी युरोपातल्या लोकांना या सुंदर वस्तूत काय दिसत होतं? मूत्राशय. 'फायसॅलिस' हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ फुगा किंवा पिशवी, आणि इंग्रजीत तर सरळसरळ 'ब्लॅडर चेरी' म्हणत. जुन्या वैद्यांचा असा सिद्धांत होता की देवानं प्रत्येक वनस्पतीवर ती कशाला उपयोगी आहे त्याची खूण करून ठेवली आहे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो तर तो डोक्याला द्या. मग मूत्राशयासारखं दिसतं ते मूतखड्यावर, हे ओघानंच आलं. कितीतरी पिढ्यांनी हे फळ खडा पडावा म्हणून खाल्लं. पुढं साहेबाच्या बागेत चिनी कागदी कंदील लटकायला लागले आणि या झाडाची मूत्राशयावरून कंदिलावर बढती झाली. इतकी मोठी बढती सरकारी नोकरीतही कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

त्या कंदिलांचं वेड किती होतं हे पाहायचं तर जॉन सिंगर सार्जंटचं 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ' हे चित्र पाहावं. इंग्लंडमधल्या एका बागेत पांढऱ्या झग्यातल्या दोन मुली तिन्हीसांजेला कागदी कंदील लावताहेत. सार्जंटला तो ठरावीक उजेडच हवा होता, आणि तो रोज जेमतेम काही मिनिटं टिकायचा. त्यामुळे १८८५ च्या शरदात सुरू झालेलं चित्र त्या वर्षी संपलंच नाही, पुढल्या वर्षी पुन्हा मांडामांड करावी लागली. मधल्या काळात थंडीनं बागेतली फुलं गेली, तेव्हा झाडांना खोटी फुलं बांधून काम चालवलं. मुलींचं काय झालं असेल ते ज्यांनी घरच्या लग्नात फोटोग्राफरसाठी 'अजून एकदा, इकडे बघून' उभं राहून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

ज्येष्ठतेचाच मुद्दा काढायचा तर कंदिलाची बाजू आणखी लंगडी पडते. २०१७ मध्ये पीटर विल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात सापडलेला एक जीवाश्म जगापुढं ठेवला. याच गोतातलं फळ, आणि वर त्याचा फुगलेला कागदी कंदील, शिरांसकट दगडात उमटलेला. वय, ५ कोटी २० लाख वर्षं. तेव्हा चीन नव्हता, कागद नव्हता, कागद चिकटवणारा माणूसही नव्हता. पणतूचं नाव पणजोबाला ठेवावं तसा हा प्रकार झाला, पण बारशाला आलेल्यांपैकी कुणालाच पणजोबाचं वय माहीत नव्हतं.

जपानी लोकांनी मात्र झाड आणि कंदील दोघांशी रीतसर संबंध ठेवले आहेत. टोकियोत आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात दरवर्षी ९ आणि १० जुलैला या झाडाच्या कुंड्यांचा बाजार भरतो. आपल्या पितृपक्षासारखा त्यांचा ओबोन असतो, तेव्हा ह्या नारिंगी फांद्या मांडतात, घरी येणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून. आपल्याकडे कावळा शिवेना तर दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेतात, त्यामानानं ही सोय फारच सभ्य. आणि त्याच देवळाच्या वेशीवर एक लाल कागदी कंदील टांगलेला आहे, जवळजवळ चार मीटर उंच आणि वजनाला सातशे किलो. तो १९६० मध्ये कुणी दिला? कोनोसुके मात्सुशितांनी, म्हणजे पॅनासॉनिक कंपनीच्या संस्थापकांनी. आजार बरा झाला म्हणून देवाला वाहिला. जन्मभर विजेची उपकरणं विकलेल्या माणसानं देवाला कागदी कंदील दिला, यातून ज्याला जो निष्कर्ष काढायचा तो त्यानं काढावा. यात्रेच्या दिवसांत उंच पालख्या खालून जायच्या असतात, तेव्हा हा सातशे किलोंचा कंदील मुकाट्यानं घडी होऊन वर सरकतो. आमच्या इमारतीतलं फोल्डिंगचं टेबल एकदा उघडलं की मिटत नाही, तेव्हा या विषयावर मी अधिक बोलत नाही.

बाकीच्या चौघांचं दत्तकविधान उरकून घेऊ. ब्राझीलकडचं अब्यूटिलॉन, लाल पेल्यातून पिवळं फूल लोंबतं म्हणून कंदील. याची आपल्याकडची चुलत बहीण माळरानावर, रेल्वेच्या कडेला उगवते. तिचं फूल पिवळं आणि चांगलं असतं, पण आपल्या लोकांनी पाहिलं फळ. ते गोल, चक्राकार कप्प्यांचं, शिक्का मारायच्या ठशासारखं. म्हणून मुद्रा, नाहीतर पेटारी. साहेबाला रोषणाई दिसली आणि आपल्याला दफ्तर दिसलं, यात आपला स्वभाव आला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातलं निमानिया, त्याची गुलाबी फुगीर बोंडं कंदील ठरली. तिकडचंच सँडरसोनिया. जॉन सँडरसन नावाच्या गृहस्थांना ते १८५१ मध्ये नाताळ प्रांतात दिसलं, त्यावरून शास्त्रीय नाव पडलं, पण बाजारात ते चिनी कंदील म्हणूनच खपतं. हे फूल आफ्रिकेचं, त्याची शेती न्यूझीलंडमध्ये, गिऱ्हाईक जपानी, भाषा इंग्रजी आणि आडनाव चिनी. या सगळ्या व्यवहारात चीनला एक छदामही मिळत नाही.

राहिली दुरंगी बाभूळ. ही आपलीच, कोरड्या टेकड्यांवर काट्यांसकट उभी असते. फुलोरा खाली लोंबतो, वरचा अर्धा गुलाबी आणि खालचा अर्धा पिवळा. इंग्रजीत हिला कुणी चिनी कंदील म्हणतं, कुणी कालाहारीचा ख्रिसमस ट्री. क्यूबामध्ये हिनं शेतजमिनीच्या शेतजमिनी गिळल्या आहेत. तिथं हिला मराबू म्हणतात, आणि काट्यांतून वाट काढणारा शेतकरी ते नाव कौतुकानं घेत असेल असं वाटत नाही. सणासुदीची नावं नेहमी लांबून पाहणारेच ठेवतात.

या सगळ्यांत स्वाभिमानी निघाला तो एक चिली देश. तिथल्या एका झाडाला लाल कंदिलासारखी फुलं येतात, पण आडनाव लागलं 'चिलियन लँटर्न ट्री'. कंदील घेतला, चीन घेतला नाही.

आणि ज्याचा चीनवर खरा हक्क, त्याचं काय झालं? मूळचं खरंखुरं चिनी असलेलं एक फळ. न्यूझीलंडमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका इसाबेल फ्रेझर यांनी १९०४ मध्ये चीनहून त्याच्या बिया नेल्या. तिकडे ते वाढलं, फोफावलं आणि 'चायनीज गूसबेरी' म्हणून ओळखलं गेलं. म्हणजे गूसबेरी नसलं तरी चायनीज होतं, अर्धं तरी खरं. मग अमेरिकेत विकायची वेळ आली. शीतयुद्धाच्या काळात फळावर चीनचं नाव नको, असं व्यापाऱ्यांना वाटलं. आधी 'मेलोनेट' हे नाव सुचलं, पण अमेरिकेत खरबुजांवर जकात फार, म्हणून तेही बारगळलं. अखेर १९५९ मध्ये त्याचं बारसं झालं, किवी. ब्राझीलच्या, आफ्रिकेच्या झाडांना चीनचं नाव खुशाल चालतं. चीनच्या फळानं मात्र नाव बदलून, जकात चुकवून परदेशात राहायचं.

स्वतः चिनी लोक या बाबतीत आपल्यापेक्षा कमी नाहीत, हे कळल्यावर मला जरा हायसं वाटलं. त्यांच्याकडे ढोबळ्या मिरचीला कंदील-मिरची म्हणतात. आपण तिला सिमला मिरची म्हणतो. ती मूळची अमेरिका खंडाची, तेव्हा कंदील आणि सिमला दोघेही सारखेच लांब. आपल्या फुग्याच्या बाह्या त्यांच्याकडे कंदील-बाह्या होतात, आणि घोट्याशी आवळलेली घोळदार विजार ही कंदील-विजार. आपली रसभरी त्यांच्याकडे कंदील-फळ. रसभरी मूळची पेरूकडची, इंग्रजांनी तिला केपची गूसबेरी केली, कारण आफ्रिकेच्या केपमध्ये ती लावलेली. हल्ली ती महागड्या केकच्या टोकावर, कागदी पदर मागे टाकून बसलेली असते. खायची की नुसती बघायची, हे कुणालाच ठाऊक नसतं. एका वाढदिवसाला आमच्या एका काकांनी ती कागदासकट चावून खाल्ली आणि 'पापडी मऊ पडलीय' असा शेरा दिला.

चिनी बोलण्यातही हा कंदील जागोजागी लटकलेला आहे. दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही, असं आपण म्हणतो, ते हुबेहूब तेच कंदील घेऊन म्हणतात. आणि त्यांची एक म्हण तर सरकारी फायलींवर छापून ठेवावी. 'भाचा कंदील धरतो' एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. ऐकणाऱ्यानं पुढचं मनात पुरं करायचं, 'मामावर उजेड पाडतो'. चिनी उच्चारात हे शब्द आणि 'पूर्वीप्रमाणेच' हे शब्द कानाला सारखे लागतात. तेव्हा कुणी विचारलं, कामाचं काय झालं, तर भाच्याच्या हाती कंदील द्यायचा. जैसे थे. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामावर गेली कित्येक वर्षं असे भाचे कंदील धरून उभे आहेत, मामा बदलतात तेवढंच.

पण कंदिलाच्या नावावरून झालेला सगळ्यात मोठा घोटाळा सोंग राजवटीतला. त्यियन तंग नावाचे एक जिल्हाधिकारी होते. दिवा किंवा कंदील या शब्दाचाही चिनीत 'तंग' असाच उच्चार. साहेबांचं नाव तोंडी येऊ नये म्हणून त्यांनी फर्मान काढलं, कुणी 'तंग' हा उच्चार करायचा नाही. ज्यांच्या तोंडून चुकून निघाला त्यांनी छड्या खाल्ल्या. सगळा जिल्हा दिव्याला दिवा म्हणायचं सोडून आग म्हणायला लागला. मग आला नववर्षाचा कंदील-उत्सव, पहिल्या महिन्याची पौर्णिमा. शहरभर कंदील लावायची जुनी चाल. कचेरीनं रीतसर जाहीर सूचना भिंतींवर डकवली. सूचना लिहिणारा कारकून पोटापाण्याला भिऊन वागणारा, त्यामुळे तिच्यात 'कंदील लावणे' कुठून येणार? लोकांनी वाचलं ते असं, की वहिवाटीप्रमाणे कचेरीतर्फे शहरात तीन दिवस आगी लावण्यात येतील. अधिकाऱ्यांनी आगी लावल्या तरी चालतात, रयतेनं दिवा लावायचा नाही, अशी म्हण त्यावरून पडली ती आजतागायत चालू आहे. मला त्या कारकुनाबद्दल अपार आदर आहे. शुद्धलेखनात एकही चूक नव्हती.

उडत्या कंदिलांनी पुढं तेच खरं करून दाखवलं. हे कंदील चीनमध्ये खोंगमिंगच्या नावानं ओळखले जातात. खोंगमिंग म्हणजे चूग ल्यांग, इसवी सन १८१ ते २३४ मधला मोठा मुत्सद्दी. एक कथा सांगते की वेढ्यात अडकला असता त्यानं असा कंदील उडवून मदत मागवली. दुसरी म्हणते, छे, कंदिलाचा आकार त्याच्या टोपीसारखा आहे म्हणून नाव पडलं. एवढ्या बुद्धिमान माणसाची टोपी लक्षात राहावी, हेही आपल्याला नवं नाही. तत्त्व साधं, खालच्या ज्योतीनं आतली हवा तापते आणि पिशवी वर उचलली जाते. खाली कुठं आणि कुणाच्या गंजीवर येते, हे तत्त्वात नाही. इंग्लंडमध्ये लग्नकार्यांत हे कंदील सोडायची टूम निघाली आणि संरक्षण खात्याच्या उडत्या तबकड्यांच्या टेबलावर पत्रांचा पाऊस पडला. २००९ मध्ये सहाशेच्या वर वर्द्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच आकाशात नारिंगी गोळे पाहिल्याच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस खात्यानं ते टेबलच बंद केलं. पन्नासहून अधिक वर्षांत एकाही वर्दीतून देशाला धोका निघाला नाही, असं खात्याचं म्हणणं. धोका वेगळ्याच दिशेनं आला. २०१३ मध्ये बर्मिंगहॅमजवळ असाच एक कंदील १ लाख टन प्लास्टिक आणि कागदाच्या ढिगावर उतरला, आणि मग अख्ख्या इंग्लंडला धूर दिसला. मुंबईत पोलीस दिवाळीच्या सुमाराला या उडत्या कंदिलांना मनाई करतात, तेव्हा त्यियन साहेबांची सूचना त्यांनी वाचलेली असावी.

आपण मराठी माणसं या नामकरणात मागे आहोत असं कुणी समजू नये. पावसाळ्यात खिडकीच्या ग्रिलमध्ये रंगीबेरंगी फुलतो तो चिनी गुलाब चिनीही नाही आणि गुलाबही नाही, दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे. सकाळी दहाला उमलतो म्हणून त्याला 'ऑफिस टाइम' म्हणणाऱ्यांनी निदान निरीक्षण तरी केलं. वैद्याच्या पुडीतली कबाबचिनी जावा बेटाची. दालचिनी हे नाव फारशीतून आलं, 'चीनचं लाकूड'. खरी उत्तम दालचिनी श्रीलंकेची, असं आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. आणि वाण्याकडून जी आणतो ती बहुधा चीन-व्हिएतनामकडची जाड साल असते, म्हणजे नाव चुकून बरोबर निघतं. कोबी मंचुरियनबद्दल तर बोलायलाच नको. त्याचा थोरला भाऊ चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईत चर्चगेटला, क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी जन्माला घातला. मांचुरियातल्या माणसाला तो दाखवला तर तो बिचारा नम्रपणे नाव विचारील.

नाक्यावरच्या चायनीज गाडीवर एक लाल कागदी कंदील असतोच. हा एकदा जवळून पाहावा. कढईच्या बरोब्बर वर टांगलेला, आत बल्ब नाही. वर्षभराच्या शेजवान वाफा पिऊन कागद मेणचट झालेला, खालच्या सोनेरी गोंड्याचे दोरे एकमेकांना चिकटून त्यांची वात झालेली. शेजारी ड्रॅगनचं चित्र, आणि ड्रॅगनच्या शेपटीवर पाटी, 'उधार मागू नये'. मी एकदा विचारलं, हा बदलत का नाही? गाडीवाला म्हणाला, "काका, हा काढला तर लोक पावभाजीची गाडी समजतात."

दिवाळीत माहीमच्या कंदील गल्लीत किंवा कुठल्याही बाजारात चिनी कंदील आणि आपला आकाशकंदील शेजारी शेजारी लोंबत असतात. खरेदीला आलेल्या काकू दुकानदाराला बजावतात, "चायना नको हं, आपला पारंपरिक दाखवा." दुकानदार तितक्याच भक्तिभावानं कामट्यांचा षटकोनी काढतो. काकू त्याच्या झिरमिळ्या ओढून बघतात, खळ नीट लागली आहे का ते बघतात, भाव ऐकतात, आणि शेवटी विचारतात, "हा मिटत नाही का हो? माळ्यावर ठेवायला?" मिटणारा शेजारीच असतो. तो घेऊन जाताना त्या म्हणतात, "आत बल्ब आपलाच लावीन." बल्ब कुठला असतो ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

फुलाला कंदील म्हणायचा मान मात्र सह्याद्रीनं आपल्यालाही दिलेला आहे. सेरोपेजिया, मराठीत कंदीलपुष्प. याच्या कितीतरी जाती फक्त इथल्याच कडे-सड्यांवर उगवतात. एक पाचगणीच्या नावाची, एक सह्याद्रीच्या, एक वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळ्यांच्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादवांनी त्यांतल्या दुर्मीळ जाती वाढवून पुन्हा रानात लावायचं काम केलं. फूल बोटाएवढं असेल नसेल. खाली फुगीर पेटी, मग अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून झालेला पिंजरा, मधे खिडक्या. चिलटाएवढी माशी वासाला भुलून खिडकीतून आत उतरते. नळीत केस आहेत ते खालच्या दिशेला वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. तिचा मुक्काम पडतो. मग केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी परागांची पुडी घेऊन सुटते. सुटल्यावर ती काय करते? दुसऱ्या कंदिलात जाऊन बसते.

हे पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरात सातारा-कोल्हापूरकडच्या सड्यांवर शहरातली माणसं ओल्या गवतात पालथी पडलेली असतात. डोळ्याला कॅमेरा, पाठीवर पाऊस. आम्हीही तसेच पडलो होतो. गुरांमागून एक मामा आले, इरलं सावरत बराच वेळ उभे राहिले.

"काय हरवलंय का?"

"नाही मामा, कंदीलपुष्प आहे हे. फार दुर्मीळ."

त्यांनी वाकून पाहिलं. "ही व्हय. ही खर्पुडी. हिचा कांदा ग्वाड लागतोय." त्यांनी काठीच्या टोकानं फुलाशेजारची माती जराशी चाचपली, आणि मग आमच्या कॅमेऱ्याकडे बघून शहाण्या माणसासारखी माघार घेतली.

"चालू द्या तुमचं. फोटू काढून झाला की हाळी द्या, मंग खणतो."